पाहणाऱ्याचे ऋण

स्त्री-पुरुष हा भेद देहाच्या खुणांचा, आतला आत्मा दोन्ही नव्हे, असा जेडर दासिमय्यांच्या एका वचनाचा आशय आहे. हे मानणाऱ्याने तृतीयपंथीयांकडे कसे पाहावे?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय व लॅटिनो तृतीयपंथीय आणि समलिंगी मंडळी नृत्याच्या व वेषांच्या स्पर्धा भरवीत. त्यांवर जेनी लिव्हिंगस्टन यांनी 'पॅरिस इज बर्निंग' हा माहितीपट १९९० साली काढला. त्यातील व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा हिची १९८८ साली हत्या झाली. पडदा तिने पाहिलाच नाही. चित्रपटाला नाव व पैसा मिळाला, तेव्हा त्यातील माणसांनी विचारले, आमचा वाटा कोठे? अखेर सुमारे ५५,००० डॉलर १३ जणांत वाटले गेले.

प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. आपले जीवन उघडे करून दाखविणे हेही कायकच. त्याच्या फळातून दासोह घडला पाहिजे. तिकीट काढले म्हणून प्रेक्षकही ऋणमुक्त होत नाही. पडद्यावरील परक्यासाठी आपले डोळे भरून येतात. पण डोक्यावर यल्लम्माचा जग घेतलेले जोगप्पा दारी आले की आपण दार लोटतो. मग आपण पाहिले तरी काय? डोळ्यांनी घेतले ते हातांनी फेडावे. त्यांना 'या, बसा' म्हणावे आणि आपल्याच पंक्तीत त्यांचे पान मांडावे.