सुताराचा मुलगा



नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला हिणवले ते त्याच्या धंद्यावरून (मार्क ६:३). सुताराला एवढे ज्ञान कुठले, असे त्यांना वाटले. आपल्या घरांतही तेच चालते. मुलगा बारावी होऊन दोन वर्षे रिकामा बसलेला चालतो. मोटार रिवाइंडिंग शिकतो म्हणाला की लोक काय म्हणतील! विहिरीवरची मोटार जळाली की मात्र त्याच कारागिराच्या दारात आपण उभे असतो.

पण दोष फक्त आईबापांचा नाही. एका आईने मला सांगितले, "फादर, पोराला गॅरेजात लावून चार महिने झाले. अजून हातात पाना दिला नाही. गाड्या धू आणि चहा आण." पोरगा काम सोडून घरी आला. सगळ्यांनी त्याला आळशी ठरवले. मीही ठरवले, याची आज लाज वाटते.

संत जॉन बॉस्को यांनी १८५२ साली तुरीन शहरात एका मुलाला सुतारकाम शिकायला ठेवले, तेव्हा मुद्रांकाच्या कागदावर करार केला. मालकाने काम नीट शिकवावे, चूक शब्दांनी सुधारावी, मारू नये, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, रविवार मोकळा द्यावा. त्यावर मालकाची, मुलाची, वडिलांची आणि स्वतः संतांची सही होती.

आपल्या देशातही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे; त्यात लेखी करार आणि विद्यावेतन दोन्ही आहेत. आयटीआय झालेल्या मुलांनी चाकणच्या कारखान्यांत त्याची चौकशी जरूर करावी. पण उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी आहे. नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या छोट्या दुकानांत मुलाला राखणार ती मालकाची सदसद्विवेकबुद्धीच.

आपल्या धर्मग्रामात वेल्डिंग, गवंडीकाम, शिवणकाम करणारे आहेत. त्यांनी एकेक मुलगा किंवा मुलगी शिकायला घ्यावी. माल थोडा वाया जाईल. योसेफाने येशूच्या हाती रंधा दिला, तेव्हा त्याच्याही दोनचार फळ्या बिघडल्या असतील! कराराचा साधा कागद मी तयार केला आहे; चौथी सही माझी राहील.

श्रमिक संत योसेफांचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे रोजी ठरवला. त्या दिवशी मिस्सानंतर हत्यारांना आशीर्वाद देऊ. कारागिरांनी हत्यारे आणावीत, आणि शिकाऊ पोरालाही सोबत आणावे.

तुमचा,
फादर