घरच्या पोराचं लायसन्स

साताऱ्यात आमच्या आळीत आप्पांची मोटार म्हणजे सगळ्यांची मोटार. कुणाला दवाखाना गाठायचा असो की लग्नाला जायचं असो, आप्पा खुंटीवरची किल्ली काढून हातावर ठेवत. विम्याचा हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही, त्यामुळे मनाला धास्तीही नव्हती.

एका रविवारी भाचा आला. "मामा, मेढ्याला जाऊन येतो." मामांनी किल्ली दिली, मामीने डबा बांधून दिला. परतताना वळणावर त्याने सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं. दूधवाल्याचं मांडीचं हाड मोडलं, भाच्याचा हात.

दूधवाल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला. कंपनी बघून घेईल, असं आप्पा म्हणत राहिले. ते अगदीच चूक नव्हतं. थर्ड पार्टी विमा गाडीला असतो. मालकाच्या संमतीने दुसऱ्याने चालवली तरी तो लागू होतो. पण भाच्याचं लायसन्स आठ महिन्यांपूर्वीच संपलेलं निघालं.

"मी तर घरी होतो. माझा काय संबंध?" आप्पांनी वकिलांना विचारलं.

"गाडी तुमची, किल्ली तुम्ही दिलीत. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू द्यायची नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५ मालकालाच बजावतं. तरी एक वाट आहे. नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून भागत नाही, मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंग खटल्यात तसं सांगितलंय. तुम्ही लायसन्स बघितलं होतं का?"

"घरच्या पोराला लायसन्स कसं मागायचं?"

साक्षीतही त्यांनी हेच सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, बोलले नाहीत. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. आदेश झाला: कंपनीने आधी दूधवाल्याला भरपाई द्यावी, मग ती आप्पांकडून वसूल करावी. हे मला न्यायाचं वाटतं. मालक आणि कंपनीच्या भांडणात मोडक्या मांडीच्या माणसाने का ताटकळत बसावं?

भाच्याच्या हाताचा खर्च मात्र त्याच्याच गळ्यात पडला. मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, थर्ड पार्टी ठरत नाही. मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही आर.सी.वर नाव असलेल्या मालकापुरतंच.

भाच्याने मोटारसायकल विकून पैसे आणून दिले, उरलेले आप्पांनी ठेव मोडून भरले.

दिवाळीत शेजारचे तात्या किल्ली मागायला आले. आप्पांनी आधी लायसन्स मागितलं, हातात घेऊन चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. किल्ली दिली नाही. तात्या तडक निघून गेले.

"इतक्या वर्षांचा शेजार, राग धरला त्यांनी," मामी म्हणाली.

"धरू दे. मार्चमध्येच संपलंय. उद्या आर.टी.ओ.त मीच घेऊन जातो त्यांना."