बसणाऱ्याची बाजू

उभें राहणें ही शरीराची केवळ एक स्थिति आहे; परंतु आपल्या भाषेनें व आचारानें तिला नीतीचें तेज दिलें आहे. वडील माणूस आलें कीं उठावें, आरतीला उभें राहावें, संकटांत पाय रोवून उभें राहावें, असें आपण मुलांस शिकवितों. 'तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला' याहून मोठी स्तुति आपणांस सुचत नाहीं. तेव्हां ज्याचें शरीरच उभें राहण्यास नाकबूल होतें, त्याच्या शीलाविषयीं आपण काय समजावें, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतिशास्त्राचाहि आहे.

मनुष्य निजला असतां उठून उभा राहिला म्हणजे अर्धा ते एक लिटर रक्त पोटांत व पायांत उतरतें. निरोगी शरीरांत मानेंतील व हृदयाजवळील रोहिण्यांमधले तंतु ही गोष्ट तत्काळ ओळखतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नाडी किंचित् जलद होते आणि मेंदूचा पुरवठा अखंड राहतो. हा कारभार पाहणाऱ्या मज्जासंस्थेस लँग्ले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें 'स्वायत्त' या अर्थाचें नांव दिलें. ही व्यवस्था बिघडली म्हणजे कांहींचा वरचा रक्तदाब उभें राहतांच तीन मिनिटांच्या आंत २० मिलिमीटर किंवा अधिक उतरतो. कांहींचा दाब टिकतो, पण नाडी दहा मिनिटांत ३० ठोक्यांनीं वा त्याहून अधिक वाढते. डोळ्यांपुढें अंधारी येते, कान बधिर होतात, घेरी येते, कधीं शुद्धहि हरपते. मधुमेह, कंपवात, एखादा साथीचा ताप, अशीं कारणें अनेक. कधीं कारण सांपडतच नाहीं.

आमच्या मधुमेहानें आम्हांस यांतील पहिल्या वर्गांत बसविलें आहे. गेलीं चार वर्षें आम्ही व्याख्यान खुर्चींत बसून देतों. ही खुर्ची आम्हांस न मागतां मिळाली. आमच्या शब्दाबद्दल कोणीं शंका घेतली नाहीं. आमच्याच वर्गांतील एका विद्यार्थिनीस दुसऱ्या प्रकारचा विकार आहे. तिला मात्र आधीं 'उपास करीत असशील', मग 'परीक्षा जवळ आली वाटतें', आणि शेवटीं 'नखरे' हा शब्द ऐकावा लागला. तिचा रक्तदाब निजवून मोजला, तो ठीक निघाला, आणि तेवढ्यावरून तिचें दुःख खोटें ठरलें! उभें करून दहा मिनिटें नाडी पाहण्याचें कोणास सुचावयास दोन वर्षें लागलीं. या दुसऱ्या विकाराच्या रोग्यांत तरुण स्त्रियाच फार असतात हें लक्षांत घेतलें म्हणजे आमचे पिकलेले केस व तिचें कोवळें वय यांनीं केवढा भेद केला तें कळेल.

संस्कृत नाटकांत मूर्च्छेस केवढा मान! 'उत्तररामचरितां'त राम मूर्च्छित होतो, सीतेच्या स्पर्शानें सावध होतो, आणि सहृदय वाचक डोळे पुसतो. नाटकांतील मूर्च्छा आपण खरी मानतों, आणि घरांतील मूर्च्छेस नाटक म्हणतों.

आपल्या नैयायिकांनीं शब्द हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ यांस सारखेंच लागू आहे, असें भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट म्हणतो. म्हणजे प्रामाण्य पदवीवर किंवा वयावर अवलंबून नाहीं. मग स्वतःच्या घेरीविषयीं ती भोगणाऱ्याहून अधिक आप्त कोण असणार?

कोणी म्हणेल कीं, अशानें ढोंग्यांचें फावेल. फावेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दोन्ही चुकांची किंमत एकदां तोलून पाहावी. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर एक खुर्ची वायां जाईल. खऱ्यावर अविश्वास केला तर फरशीवर डोकें फुटेल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाचा स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास उडेल.

'मन घट्ट कर' हा उपदेशहि येथें लटका पडतो. जी संस्था स्वभावतःच इच्छेच्या ताब्याबाहेर आहे, तिला इच्छेनें दरडावण्यांत काय अर्थ? मात्र इच्छेस कांहींच कर्तव्य उरत नाहीं असें नव्हे. सकाळीं बिछान्याच्या कडेशीं क्षणभर बसून मग उठणें, पाणी पुरेसें पिणें, वैद्यानें सांगितल्यासच मीठ वाढविणें, पोटऱ्या आवळणारे मोजे उन्हाळ्यांतहि घालणें, उभें राहावेंच लागलें तर पायावर पाय आवळून धरणें, हे नियम रोज पाळण्यास थोडें मनोबल लागत नाहीं. आणि सर्वांत कठीण नियम हा कीं, पहिली अंधारी येतांच, समोर कोणीहि असो, रांगेंत, लग्नमंडपांत किंवा देवापुढें, आपण खालीं बसावें.

उभें राहण्याचें धैर्य जगास दिसतें व त्याची वाहवा होते. वेळींच बसण्याचें धैर्य दिसत नाहीं. उलट त्यावर उर्मटपणाचा आळ येतो. तें धैर्य ज्यांना रोज दाखवावें लागतें, त्यांना निदान पुरावा मागण्यापूर्वीं खुर्ची द्यावी. पुरावा मागाहून बसल्या बसल्याहि देतां येतो.