रिकामे भांडे

शेजाऱ्याकडून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करू नये, अशी आमच्या मानवतला रीत आहे. मला वाटते, साऱ्या महाराष्ट्रातच आहे. घरात काही नसले तर चिमूटभर साखर टाकतात आणि मग ताट माघारी जाते. लहानपणी ही ताटे पोचवण्याचे काम माझ्याकडे असे आणि परतीच्या वाटेवर ती साखर माझ्या तोंडात जाई. त्यामुळे या रीतीमागे काही विचार असेल, हे शोधण्याची मला कधी गरज भासली नाही. ती भासली साठी उलटल्यावर, आणि तीही एका म्हाताऱ्या बाईंच्या बोलण्यामुळे.

मी शाळामास्तर. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. आमच्या गावात दिवाळीच्या सुमारास दोन गोष्टी घडतात. बाजारात कापूस येऊ लागतो आणि गावातली मुले पुन्हा बाहेरगावी निघून जातात. रेल्वे स्टेशनला नाव आमचे असले तरी ते आमच्या गावात नाही. म्हणून तर त्याला मानवत रोड म्हणतात. भाऊबीजेनंतर तिथे जाऊन उभे राहावे. गाडी येते, पिशव्या आणि नातवंडे आत चढतात, खिडकीतून हात हलतात. आणि गाडी गेल्यावर फलाटावर जे उरतात ते बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे असतात. मुले वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पुण्याला नोकरी असलेल्या मुलाने मानवतला बसून आईशी गप्पा माराव्यात आणि खावे काय? दोष कोणाचाच नाही, आणि ज्या दुःखात दोष देण्यासारखे कोणी सापडत नाही ते दुःख फार दिवस टिकते.

तर आमच्या वाचनालयात बसणाऱ्या सात जणांनी एक बेत केला. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसे हेरायची, वार वाटून घ्यायचे आणि आठवड्यातून एकदा तासभर त्यांच्याकडे जाऊन बसायचे. कल्पना आमची नव्हे. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन १९९५ साली निघाली आणि तिच्या कामात एकट्या वृद्धांना सोबत देणे हेही आले. २०२२ साली तर तिथेच ‘गुडफेलोज’ नावाचा, शुल्क घेऊन तरुण सोबती पाठवणारा व्यवसाय सुरू झाला आणि त्यात रतन टाटांनी पैसे घातले. त्याच्या कितीतरी आधी, १९४६ साली, पॅरिसमध्ये आर्मां मार्कीसे नावाच्या गृहस्थांनी युद्धानंतर एकाकी पडलेल्या म्हाताऱ्यांच्या दारी गरम जेवण न्यायला सुरुवात केली, आणि जेवणाबरोबर फूलही नेले. भाकरीच्या आधी फूल, हे त्या मंडळींचे ब्रीद होऊन बसले. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकटेपणाचा प्रश्न एकेका मंत्र्याकडे सोपवला. मंत्री स्वतः येऊन बसतो की काय, अशी शंका आमच्यापैकी एकाने काढली आणि त्यावर आम्ही बराच वेळ हसलो.

आम्ही एक वही घातली. नाव, गल्ली, वार. आणि एक नियम केला, ज्याचा आम्हांला फार अभिमान होता: कोणाकडे चहासुद्धा घ्यायचा नाही. आधीच थकलेली माणसे, त्यांना आपला त्रास कशाला?

माझ्या वाट्याला गुरुवार आला आणि एका जिनिंगमध्ये मुनीम असलेल्या गृहस्थांच्या पत्नी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. दोन मुलगे, एक पुण्याला, एक हैदराबादला. दोघांचा रोज रात्री फोन येतो. मी त्यांना काकू म्हणे, त्या मला सर म्हणत. “या सर, बसा सर, चहा टाकते.” मी म्हणे, “नको नको, आत्ताच झाला.” मग मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी, त्या माझ्या नातवाची करीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघेही बघत असू, पण एकमेकांच्या नकळत.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्या एकदम म्हणाल्या, “आज गुरुवार, म्हणून आलात होय?”

त्यात टोमणा नव्हता. तरी मला तो लागला, कारण उत्तर ‘होय’ असे होते.

मायकेल स्टॉकर नावाच्या तत्त्वज्ञाने १९७६ साली एका निबंधात जवळपास हाच प्रसंग घेतला आहे. तुम्ही रुग्णालयात पडून आहात, कंटाळला आहात. मित्र भेटायला येतो. तुम्ही त्याचे आभार मानता, आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी आलो ते केवळ कर्तव्य म्हणून. त्याच क्षणी त्या भेटीतला सगळा रस निघून जातो. कृत्य तेच, चांगलेच; तरी ते आता तुमच्यासाठी केलेले राहत नाही. स्टॉकरचा रोख नीतिशास्त्रांवर होता. ती काय करावे हे सांगतात, पण ज्या हेतूने ते करायला सांगतात तो हेतू मनात धरला तर मैत्री उरत नाही, असे त्याचे म्हणणे. गुरुवारी रात्री घरी येताना मला ते पुरेपूर पटले. वही बंद करावी असेच वाटले. प्रेमाला कुठे वार असतो?

पण मग भाऊबीज आठवली. भाऊबीजेला भाऊ येतो तो तिथी पाहूनच येतो. “आज भाऊबीज म्हणून आलास होय?” असे कोणती बहीण विचारते? वारकरीही आषाढीची तिथी धरूनच पंढरीला पोचतो. तेव्हा प्रेम वार लावून येते यात काही वावगे नाही; उलट संसारात गुरफटलेल्या माणसांचे प्रेम वार लावला नाही तर येतच नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. दिवाळी त्यासाठीच आहे. मग काकूंच्या त्या प्रश्नात बोचले ते काय?

हे मला सुचले ते बरेच पुढे. मधे माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे.

मी दोन गुरुवार गेलो नाही. पहिल्या गुरुवारी नातवाकडे पुण्याला होतो. निरोप ठेवायला हवा होता, ठेवला नाही. दुसऱ्या गुरुवारी मी गावातच होतो. पाऊस नव्हता, ताप नव्हता, कंटाळा होता. मनाशी म्हटले, आपण काही पगारी नव्हे, स्वखुशीने जातो. एखादा गुरुवार चुकला तर कोण विचारणार आहे? आमच्या सातांतले दोघे याच वाटेने आधीच गळाले होते.

तिसऱ्या गुरुवारी गेलो. दार उघडे होते. मी उंबऱ्यावर पाय ठेवतो तोच आतून आवाज आला, “कुठं होतास रे? दोन गुरुवार झाले.”

या गावात मला ‘अरे’ म्हणणारे माणूस आई गेल्यापासून उरले नव्हते. मी कारणे सांगू लागलो. पुण्याचे खरे सांगितले आणि दुसऱ्या गुरुवारचे खोटे. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तुझी आई अशीच. यायची तर रोज, नाही तर महिना महिना पत्ता नाही. आणि विचारलं की डोकं दुखतं म्हणायची.” माझी आई आणि काकू एकाच विहिरीवर पाणी भरीत, हे मला त्या दिवशी कळले. आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या वर्षी किती रडत असे, हेही कळले. ते आईने मला कधी सांगितले नव्हते, आणि आता दुसरे कोणी सांगू शकणार नव्हते. त्यांनी चहा केला. मी नियम मोडून तो घेतला. दूध थोडे जास्त झाले होते.

आम्ही वहीत नाव घातले होते त्या बाईला काही हवे आहे आणि आम्ही ते नेऊन देतो, अशी आमची समजूत होती. रोज दारात ताट ठेवायचे, आणि त्यांनी साखर टाकायच्या आत ते उचलून चालू लागायचे, असा तो प्रकार होता. चहा नाकारण्याच्या आमच्या सभ्यपणात किती उर्मटपणा होता! भाऊबीजेला बहिणीला तो प्रश्न पडत नाही, कारण ती ओवाळते आणि भाऊ ओवाळणी घालतो. कोण कोणाला देते हे ठरवताच येत नाही. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले, जनाबाईचे गाव. देव जनीबरोबर दळायला बसला ही कथा आपण सारे ऐकत आलो. पण जनी त्या विठ्ठलाला वेळप्रसंगी चांगल्या शिव्याही देते, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. मला आता वाटते, दळण्यापेक्षा त्या शिव्या महत्त्वाच्या. उपकार करणाऱ्याला कोणी शिव्या देत नाही, त्याला ‘या सर, बसा सर’ म्हणतात.

कायद्याने यातले काय देता येते? ज्येष्ठांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याने आईबाप मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागू शकतात. आपल्या राज्यात गरीब वृद्धांना जे निवृत्तिवेतन मिळते त्याला श्रावणबाळाचे नाव आहे. दोन्ही गोष्टी हव्यातच. उपाशी माणसाला सोबतीचे तत्त्वज्ञान सांगणे पाप आहे. पण गुरुवारी का आला नाहीस, असा दावा कुठल्याही कचेरीत चालणार नाही. तो फक्त घराच्या उंबऱ्यावर चालतो, आणि तिथेही आधी कोणीतरी अनेकदा येऊन तो हक्क निर्माण करावा लागतो.

म्हणूनच आता मला या कामाची थोडी भीती वाटते. आमच्या मंडळातले एक स्नेही म्हणतात, “अहो, फुकट करतो आहोत, जितके झाले तितके पदरात.” मला हे पटत नाही. पैसे घेणारा सोबती आला नाही तर तक्रार तरी करता येते. फुकट जाणारा आला नाही तर म्हातारे माणूस तक्रार करीत नाही. ते फक्त दाराकडे बघणे सोडते. पहिल्या दिवशी आपण स्वखुशीने जातो हे खरे. दहाव्या खेपेपर्यंत ते कर्ज झालेले असते आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. जे जन्मभर फेडण्याची तयारी नाही ते काढूच नये काय? या हिशेबाने मग कोणीच कोणाकडे जाणार नाही. मी अजून या प्रश्नाच्या काठावरच बसलो आहे. दरम्यान वहीत शनिवारच्या रकान्यापुढे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे जाणारे गृहस्थ मुलाकडे नाशिकला राहायला गेले. आजोबांना कोणी विचारले तर ते म्हणतात, “कामात असतील.”

२०२५ सालची भाऊबीज नेमकी गुरुवारी आली. माझी बहीण सेलूला असते. आठ दिवस आधी मी काकूंकडे रजा मागायला गेलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांनी विचार केला, बहिणीची प्रकृती विचारली, आणि शुक्रवारी यायच्या बोलीवर रजा मंजूर केली. आमच्या घरून गेलेला चिवड्याचा डबा त्यांच्याकडे होता, तो परत दिला. घरी येऊन उघडला तर तळाशी मूठभर साखर. बायको म्हणाली, मुंग्या लागतील, बरणीत ओत. मी त्यातली चिमूटभर तोंडात टाकली, कोणी बघत नाही असे पाहून.

शुक्रवारी गेलो तेव्हा दार उघडेच होते. मी पायऱ्यांवर चपला काढीत होतो.

“आत काढ त्या,” आतून आवाज आला. “बाहेर कुत्रं नेतंय.”