सुनेचं नाव आधी

घरभेटीचा अहवाल लिहिताना, म्हाताऱ्या माणसाची देखभाल कोण करतं या प्रश्नापुढे मी जवळजवळ नेहमी सुनेचं नाव लिहीत आले. अंथरूण ओलं असलं, नखं वाढलेली असली, पाठीला जखमा झालेल्या असल्या, की जाब त्या नावाला. मुलाचं नाव त्याच अहवालात वेगळ्या ठिकाणी येतं. आईला दवाखान्यात कुणी आणलं, सही कुणाची, फोन कुणाला करायचा, तिथं तो असतो. वृद्धांचा छळ आणि हेळसांड थांबवणं हे माझं काम आहे. त्या कामात माझी नजर सरळ आहे का, हे तपासायला बसले की मला पहिल्यांदा हे दोन रकाने दिसतात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 सालचा आहे. स्वतःच्या मिळकतीवर न भागणाऱ्या आईला किंवा वडिलांना या कायद्यानं मुलांकडे निर्वाह मागता येतो. दाद प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची, वकील लागत नाही. हे सगळं मी गावोगावी सांगत फिरते. पण याच कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, एवढीच व्याख्या आहे. सून त्यात नाही. तिला त्यात आणणारं दुरुस्ती विधेयक 2019 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे जी जबाबदारी कायद्यानं सुनेवर टाकली नाही, ती माझ्या अहवालानं टाकली. आणि जिच्यावर कायद्यानं टाकली, त्या परगावी दिलेल्या लेकीला मी कधी फोनसुद्धा केला नाही. "ती दिल्या घरी आहे," असं गाव म्हणतं, आणि मीही तेच मानून चालले.

बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची तर नवरा-बायको दोघांनी फडात उतरावं लागतं. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकट्यानं गेलं तर तो अर्धा कोयता, उचलही अर्धी. मग घरी उरते म्हातारी आणि कधी शाळेतलं एखादं नातवंड. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं तरी आहेत. माझ्या गावांत म्हाताऱ्यांसाठी तसं काहीच नाही. शेजारणीला सांगून, पिठाचा डबा भरून, औषधाची पट्टी उशाला ठेवून जोडी ट्रॅक्टरमध्ये बसते आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत परतत नाही. मध्ये म्हातारी पडते, खुबा मोडतो, दोन दिवस कुणाला कळत नाही. मी पोचते तेव्हा मला जे दिसतं त्याला हेळसांड हाच शब्द आहे. ज्येष्ठ माणसाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं सोडून जाणाऱ्याला त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 24 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. या जोडप्याचा तसा हेतू नव्हता. तरी ती बाई दोन दिवस जमिनीवर पडून होती, हेही खरंच आहे.

अशा वेळी कुणीतरी दोषी सापडावा अशी मला ओढ लागते. दोषी सापडला की अहवाल पुरा होतो आणि मला झोप लागते. जे नाव सगळ्यात जवळ असतं ते सुनेचं. रोजंदारीला जाताना स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला कोंडून बाहेरून कडी घालणाऱ्या बाईला मी दारात उभं करून बोलू शकते. मुकादमाला, कारखान्याला किंवा आमच्याच खात्याला मी तसं कधी उभं केलं नाही. ती बाई उलट बोलणार नाही, हे मला माहीत असतं. गरिबाच्या घरात माझ्या आवाजाला जो जोर चढतो, तो तहसीलच्या पायऱ्या चढताना उतरतो. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

तरी मी दुसऱ्या टोकालाही जाऊ शकत नाही. परिस्थिती समजून घेता घेता क्रौर्यसुद्धा समजून घेण्याची सवय लागते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये म्हातारीच्या खात्यावर येतात. तिचा अंगठा मशीनवर टेकवून ते काढले जातात, आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र संपलेल्या असतात. सांभाळतो म्हणून बक्षीसपत्र करून घेतलेलं असतं आणि सातबारावर नाव चढलं की तिची खाट गोठ्याकडे जाते. याला गरिबी म्हणून सोडायचं नसतं. कलम 23 आहे ते यासाठीच. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडली तर, परत मिळवता येते. पण ती अट बहुतेक कागदांवर लिहिलेलीच नसते. पोटच्या पोराला अट कोण घालतं? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे असं म्हटलं. 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका आईच्या बाजूनं हा कायदा उदारपणे वाचला. या दोन निकालांच्या मधल्या जागेत माझ्या गावातल्या कितीतरी बाया बसलेल्या आहेत. त्यांच्यासाठी भांडताना माझा हात थरथरू नये.

याच कायद्याचा एक वापर मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. नवऱ्याला बायको नकोशी झाली की आईच्या नावानं अर्ज येतो: सून त्रास देते, तिला घराबाहेर काढा. आईचा अंगठा असतो, मजकूर मुलाचा असतो. 2020 मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं सुनेला दिलेला सासरच्या घरात राहण्याचा हक्क सरसकट मोडता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचले पाहिजेत. तो निकाल वाचला तेव्हा मला माझे जुने अहवाल आठवले. त्यातल्या किती म्हाताऱ्यांशी मी एकटीनं, मुलगा ओसरीवर नसताना बोलले होते? मुलगा चहा घेऊन येतो, खुर्ची देतो, आईच्या वतीनं उत्तरं देतो. त्या सौजन्याला मी सहकार्य समजत गेले.

सध्या माझ्याकडे एक घर आहे. पोरगा दारू पिऊन आईवर हात उचलतो. तिच्या दंडावरचे वळ मी पाहिलेत. ती शुद्धीत आहे, तिला सगळं कळतं, आणि ती म्हणते, "ताई, काही लिहू नका. तो आत गेला तर मला अग्नी कोण देणार?" न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. पण तिचं नको हे तिचं स्वतःचं आहे की त्या वळांनी बोलायला लावलेलं आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. तिच्या 'नको'वर पाय देऊन तिला सोडवलं तर ती मलाही त्या घरातल्यांसारखीच तिचं न ऐकणारी समजेल. ते ऐकून निघून आले आणि उद्या काही झालं, तर मी कुणाकडे बोट दाखवणार?

त्या घराची खबर मला सुनेनं दिली. आपलं नाव सांगू नका, एवढंच तिनं बजावलं. दोनदा त्या घरी गेले, सासूबद्दल सगळं विचारलं. जो माणूस आईला मारतो तो बायकोला सोडत असेल का, हा प्रश्न तिच्यासमोर माझ्या तोंडातून एकदाही निघाला नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली त्या दोघींनाही दाद मागता येते, एकीला आई म्हणून, दुसरीला बायको म्हणून. संरक्षण अधिकारी बाईंशी माझं बोलणं झालंय. बुधवारी तो बाजाराला जातो, तेव्हा मी जाणार आहे. आधी सुनेशी बोलेन, तिच्याबद्दल. नंतर सासूशी, पुन्हा, एकटीशी. त्या दोघी नको म्हणाल्या तर परत जाईन.