शस्त्राचे वाजवी मोल

वस्तूचे वाजवी मोल कोणते, हा प्रश्न व्यवहारातला म्हणून आपण तो सहसा बाजारावर सोपवितो. परंतु काही वस्तू अशा असतात की, त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न बाजारातून उठून धर्मविचाराच्या दाराशी येऊन उभा राहतो. तीन आठवड्यांपूर्वी आदिलाबादेस माझ्या कचेरीत असाच एक प्रश्न घेऊन मामा-भाचे आले होते.

मामा पैनगंगेकाठच्या एका गावचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी रीतसर परवाना काढून घेतलेले ०.३२ बोअरचे एक विलायती रिव्हॉल्व्हर त्यांच्यापाशी आहे. आता हात कापतो, परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे आणि ते करण्याची त्यांना इच्छा नाही. भाचा कापसाच्या व्यापारात आहे. त्यास स्वतःचा परवाना मिळालेला आहे. मामांचे म्हणणे चार लाख. भाच्याचे म्हणणे एक लाख. "वकीलसाहेब, आम्हां दोघांत वितुष्ट नको. वाजवी काय ते तुम्हीच सांगा," असे मामा म्हणाले.

मी प्रथम वकिली पद्धतीनेच विचार केला. शस्त्रावरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, नळीच्या आत गंजाचे खड्डे आहेत काय, गोळ्या बसवायचे चक्र चाप ओढताना नेमके नळीसमोर येऊन घट्ट थांबते की हलते, घोडा चढवून ठेवला असता आपोआप निसटत तर नाही ना, या गोष्टी जाणत्या परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्याव्यात, असे सांगितले. मग बाजाराकडे वळलो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुका-पिस्तुलांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. तेव्हापासून जुन्या विलायती शस्त्रास त्याच्या कामापेक्षा त्याच्या दुर्मिळतेचे मोल अधिक मिळू लागले. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्या कोऱ्या करकरीत शस्त्राची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. हे सारे जमेस धरून मी दोन लाखांचा आकडा उच्चारला. दोघेही फारसे खूश झाले नाहीत, यावरून तो बरोबर असावा, असे मला त्या दिवशी वाटले.

कायदाही माझ्या बाजूस होता. १९३०चा मालविक्रीचा कायदा म्हणतो की, किंमत ठरलेली नसेल तर खरीददाराने वाजवी किंमत द्यावी, आणि वाजवी काय हे प्रत्येक प्रकरणातील परिस्थितीवर अवलंबून असते. १८७२च्या कराराच्या कायद्याप्रमाणे केवळ मोबदला अपुरा म्हणून करार रद्द होत नाही. मात्र संमती खुषीची होती काय, हे ठरविताना तो अपुरेपणा न्यायालयास विचारात घेता येतो. या दुसऱ्या वाक्यात मोठे शहाणपण आहे. परवाना संपत आला, आता मामांना विकल्यावाचून गती नाही, हे हेरून भाचा एक लाख म्हणत असेल, तर तो शस्त्राची किंमत सांगत नसून मामांच्या अडचणीची किंमत सांगत आहे. आणि मामांनीही, सरकारने लोकांच्या सुरक्षिततेसाठी घातलेल्या निर्बंधातून उपजलेली दुर्मिळता आपल्या पदरची पुण्याई समजून चौपट मागावी काय? कौटिल्याने व्यापाऱ्यास देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा ठरवून दिला होता, याची येथे आठवण होते.

इथवर सारे ठीक होते. परंतु त्या रात्री मला माझाच आकडा बोचू लागला. महाभारताच्या शांतिपर्वात तपस्वी जाजलीला धर्म शिकविणारा तुलाधार हा वाराणसीचा वाणी आहे. त्याचा तराजू सर्वांस सारखा. तरीही तो मद्य विकत नाही. माप चोख असले म्हणजे कोणताही माल विकावयास हरकत नाही, असे तो मानीत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, वैश्यवृत्तीने जगण्याची पाळी आलेल्या ब्राह्मणास ज्या वस्तूंची विक्री वर्ज्य सांगितली आहे, त्यांत शस्त्र आणि विष ही दोन्ही आहेत. मी मात्र वजन-माप पाहून मोकळा झालो होतो!

आमच्या गावास यासाठी पुराणांत शिरण्याचेही कारण नाही. १८ डिसेंबर २०२० रोजी आदिलाबाद शहरात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण जुंपले आणि एका परवानाधारकाने आपल्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला आणि जानेवारी २०२२मध्ये न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्या शस्त्राची खरेदी किती रुपयांस झाली, हे आज कोण विचारील?

कोणी म्हणेल, लोहार विळा विकताना गिऱ्हाइकाच्या मनात शिरत नाही; मग येथेच ही चौकशी का? विळ्यास रोजचे काम असते. रिव्हॉल्व्हरला एकच काम, आणि ते बहुधा कधीच करावे लागू नये, अशीच धारकाची प्रार्थना असते. शस्त्र बाळगणे पाप आहे, असे मी म्हणत नाही. खंडेनवमीस आपण त्यास पाटावर मांडून हळदकुंकू वाहतो. पांडवांनीही शस्त्रे टाकून दिली नव्हती. शमीवर बांधून ठेवली होती. हे बांधून ठेवणे हीसुद्धा शस्त्रविद्याच होय. मामांनी इतक्या वर्षांत माणसावर एकदाही ते रोखले नाही. भावकीचे बांधावरचे तंटे झाले, अपमान झाले, तरी ते कपाटातच राहिले. ते निरुपद्रवी राहिले ते नळीच्या वा घोड्याच्या गुणाने नव्हे, तर मामांच्या संयमाने. तो संयम मालाबरोबर भाच्याच्या हाती जात नाही. म्हणून शस्त्राच्या किमतीचा अर्धा भाग रुपयांत असतो. उरलेला अर्धा घेणाऱ्याने आपल्या स्वभावाने द्यावयाचा असतो, आणि देणाऱ्याने तो मागून घ्यावयाचा असतो.

सुदैवाने कायद्याने यासाठी अवकाश ठेवला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे खासगी धारकाने विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावे, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावेत. मनूने खरेदी-विक्रीचा पस्तावा झाल्यास १० दिवसांत व्यवहार फिरविण्याची मुभा दिली होती. येथे मुदत आधी आहे, इतकाच फरक. सरकारने ती आपल्या चौकशीसाठी ठेवली असेल. पण तिचा दुसरा उपयोग करण्यास कोणाची मनाई नाही.

मी मामांना पुन्हा बोलावून म्हटले, "दोन लाखांचा आकडा कायम आहे, पण तो वाजवी ठरण्यापूर्वी भाच्याला एक प्रश्न विचारा. हे कशासाठी हवे?" त्यांनी विचारले. भाचा आधी रोकड रकमेच्या धोक्याचे बोलला. पुढे, हल्ली बहुतेक रक्कम बँकेतूनच येते, हे त्याने स्वतःच कबूल केले. आणि मग बराच वेळ गप्प बसला. मामांनी त्यास टोचून विचारले नाही.

आज विसावा दिवस आहे. पंचवीस उरले आहेत. रुपयांविषयी आता दोघांपैकी कोणीच बोलत नाही, एवढे मात्र मामांनी परवा सांगितले.