देणे आणि परत देणे



कर देणे कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न प्रभू येशूला विचारण्यात आला होता (मार्क १२:१४). अमेरिकेत तो आजही विचारला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९५ साली राष्ट्रीय आयकराचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. तेव्हा त्या काळचा आक्षेप ही निव्वळ पळवाट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पुढे १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला हा कर बसवण्याचा स्पष्ट अधिकार दिला. तरीही त्या दुरुस्तीची मंजुरीच सदोष होती, असे म्हणून काहीजण कर नाकारतात, आणि न्यायालये ते म्हणणे वारंवार फेटाळतात. नाकारणाऱ्यांत ख्रिस्ती श्रद्धावंतही आहेत, याचे दुःख वाटते.

या उताऱ्याचे भाषांतर करताना मी दोन ग्रीक क्रियापदांपाशी थबकलो. प्रश्नकर्ते ‘दुनाइ’ म्हणतात, म्हणजे देणे. प्रभू ‘अपोदोते’ म्हणतो, म्हणजे ज्याचे त्याला परत द्या. (आपल्या मराठीत ‘देणे’ म्हणजे ऋणही होते!) नाणे त्यांनीच आणून दाखवले, कैसराचा मुखवटा त्यांच्याच व्यवहारात फिरत होता. मग प्रभूने देवाचे देवाला देण्यास सांगितले. मनुष्यावर कोणाची प्रतिमा आहे, ते उत्पत्ती १:२७ मध्ये लिहिलेले आहे. त्या देण्याविषयी मात्र त्यांनी काहीच विचारले नव्हते.